बेडक्याची साक्ष

मराठीत थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा. थुंकी तोंडातली, बेडका छातीतला, खोल खोकून वर काढलेला, दाट, पिवळट, कधी गंजाच्या रंगाचा. न्यूमोनियाच्या निदानाचं गाडं बरेचदा या फरकापाशीच अडतं. सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सकाळी डब्यांचा ट्रे येतो. प्रत्येक डबीवर नाव, वॉर्ड, खाटेचा नंबर नीट लिहिलेला असतो आणि आत बहुधा नुसता पांढरा फेस. आमच्याकडे एक वरिष्ठ टेक्निशियन बाई होत्या. त्या डबी उजेडाकडे धरायच्या, झाकणाला हातही न लावता बाजूला ठेवायच्या आणि स्वतः वॉर्डात जायच्या. "आजोबा, आधी साध्या पाण्यानं चूळ भरा. आता दोनदा मोठा श्वास घ्या आणि पोटातनं खोका. तोंडातलं नको मला, छातीतलं द्या." आजोबांना ते जमलं की नवी डबी घेऊन त्या जिना जवळजवळ धावत चढायच्या, कारण बेडका आपल्याकडच्या उकाड्यात तासा-दोन तासांत नासतो.

त्यातला पिवळा पुंजका काडीने वेचायचा, काचपट्टीवर पसरायचा, ग्रॅमच्या पद्धतीने रंगवायचा. आधी लहान भिंगाखाली बघायचं. एका दृष्टिक्षेत्रात गालाच्या अस्तराच्या चपट्या पेशी १० हून कमी आणि पू-पेशी २५ हून जास्त असतील तर माल छातीतला. मग तेलाचा थेंब टाकून मोठं भिंग. जांभळे, भाल्याच्या पात्यासारखे निमुळते, जोडीजोडीने बसलेले ठिपके आणि प्रत्येक जोडीभोवती न रंगलेलं वलय दिसलं, तर तो न्यूमोकोकस. पाऊण तासात आणि जवळजवळ फुकटात मिळणारं हे उत्तर आहे. तरी आज बहुतेक ठिकाणी ते कोणी मागत नाही. हे का झालं, याचं उत्तर देणाऱ्या पुस्तकाला चार शब्द लिहायला मला आनंद वाटतो.

पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगता येतो. घरी, शेतात, कचेरीत हिंडत-फिरत असलेल्या प्रौढ माणसाला ताप येतो, बरगडीत कळ येते, श्वास लागतो, एक्स-रेमध्ये फुप्फुसाचा एखादा भाग पांढरा दिसतो आणि त्याला भरती करावं लागतं. हे कोणत्या जंतूमुळे झालं? दुसऱ्या कशासाठी भरती असलेल्या माणसाला ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो तो यात धरलेला नाही. त्याचे जंतू वेगळे, औषधं वेगळी. या दोन प्रकारांना शासकीय परिभाषेत जी नावं आहेत ती उच्चारताना श्वास लागतो. लेखिकेने 'बाहेरचा न्यूमोनिया' आणि 'वॉर्डातला न्यूमोनिया' अशी जोडी वापरली आहे. ती मला आवडली.

या प्रश्नाला जवळजवळ दीडशे वर्षं झाली. १८७५ मध्ये एडविन क्लेब्स या शास्त्रज्ञाने न्यूमोनियाने मेलेल्या माणसांच्या श्वासमार्गात जंतू पाहिले. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी एकमेकांच्या नकळत एकच जंतू लाळेतून मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. तो न्यूमोकोकस होता, पण न्यूमोनियाशी त्याचा संबंध अजून कोणी जोडला नव्हता. कारण नेमका कोणता जंतू, हा वाद पेटला बर्लिनमध्ये. कार्ल फ्रीडलेंडर म्हणत होता, वलय असलेला माझा दंडुका हाच कारण. आल्बर्ट फ्रेंकेल म्हणत होता, तुझा दंडुका अपवाद, माझा जोडगोळा नियम. याच फ्रीडलेंडरच्या शवागाराजवळच्या प्रयोगशाळेत हान्स क्रिस्तियन ग्रॅम हा डॅनिश तरुण फुप्फुसाच्या कापांमध्ये जंतू नीट उठून दिसावेत म्हणून रंगांची खटपट करत होता. १८८४ मध्ये त्याने आपली कृती छापली, आणि ती अपुरी असल्याचं स्वतःच नमूद केलं. जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत रोज सकाळी जी कृती केली जाते, ती मुळात न्यूमोनियाचं कोडं सोडवायला जुळवली होती, हे आमच्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. पुढे दोघेही बरोबर ठरले, फ्रेंकेल जास्त बरोबर. फ्रीडलेंडर १८८७ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी वारला, फुप्फुसाच्याच आजाराने. त्याच्या दंडुक्याला आज क्लेबसिएला म्हणतात, म्हणजे नावही क्लेब्सचं लागलं.

त्या काळी या आजाराचा दरारा आज कल्पनेत येणार नाही. विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने, पूर्वी क्षयाला लावलं जाणारं मृत्यूच्या सरदाराचं बिरुद काढून न्यूमोनियाला दिलं. १९१९ च्या डिसेंबरात ऑक्सफर्डला तो स्वतः त्याच आजाराच्या गुंतागुंतीने गेला. औषध नव्हतंच. सातव्या-आठव्या दिवशी रुग्णाला दरदरून घाम फुटून ताप झरकन उतरायचा किंवा रुग्ण जायचा. नातेवाईक त्या रात्रीची वाट बघत बसायचे.

पण याच औषधाविना काळात जंतूचं नाव शोधायची घाई आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. मला या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण वाटतं ते हेच. उपाय एकच होता, घोड्याच्या किंवा पुढे सशाच्या रक्तातून काढलेला प्रतिरस. तो जंतूच्या प्रकारानुसार वेगळा. पहिल्या प्रकाराचा रस दुसऱ्या प्रकाराला उपयोगाचा नाही. म्हणून रुग्ण दारात आला की आधी बेडका घ्यायचा, त्यातल्या जंतूचा प्रकार ठरवायचा, मगच सुई. नॉयफेल्डने १९०२ मध्ये दाखवलेली युक्ती इथे कामी आली. योग्य प्रतिरसाचा थेंब पडला की जंतूभोवतीचं वलय फुगल्यासारखं स्पष्ट दिसू लागतं. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कसारख्या शहरांत ही तपासणी रात्री-अपरात्री चाले. न्यूमोकोकसचे आज शंभरहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांची वंशावळ उलगडायला सुरुवात झाली ती या घाईतून.

या घाईचं एक फळ तर वैद्यकाच्या कुंपणाबाहेर जाऊन पडलं. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोकोकसचे प्रकार तपासत होता. १९२८ मध्ये त्याला दिसलं की मेलेल्या घातक जंतूंच्या सहवासात जिवंत निरुपद्रवी जंतू घातक होतात, आणि त्यांची पिल्लंही घातकच निपजतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वल्ड एव्हरी न्यूमोनियावरच काम करत होता. त्याने, मॅक्लिऑडने आणि मॅकार्टीने १९४४ मध्ये दाखवून दिलं की हा बदल घडवणारा पदार्थ म्हणजे डीएनए. आनुवंशिकतेचं द्रव्य सापडलं ते न्यूमोनियाच्या जंतूत. ग्रिफिथ ते बघायला नव्हता. १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात तो मारला गेला होता.

मग औषधं आली. १९३८ मध्ये सल्फापिरिडीन, म्हणजे तेव्हाची प्रसिद्ध एम अँड बी ६९३ ही गोळी. १९४३ च्या डिसेंबरात ट्युनिशियात चर्चिलला न्यूमोनिया झाला तेव्हा तो याच गोळीवर सावरला. पेनिसिलिनने वाचला ही दंतकथा. लवकरच पेनिसिलिन आलं आणि प्रतिरसाची दुकानं बंद झाली. आता प्रकार कशाला हवा? सगळ्यांना एकच इंजेक्शन. पुढे अधिक व्यापक औषधं आली तसा जंतूही कोणता हे कळण्याची निकड उरली नाही. औषध सापडलं आणि चौकशी थांबली. वॉर्डात पहिल्या तासात सेफट्रायअ‍ॅक्सोन आणि जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की कागदावर 'न्यूमोनिया, बरा' असं लिहून रुग्ण घरी. कोणता न्यूमोनिया, हे कोणी विचारत नाही. मी डॉक्टरांना दोष देत नाही. श्वास लागलेल्या माणसापुढे अहवालाची वाट बघत बसणं हा गुन्हाच ठरेल. पण औषध आधी आणि डबी दुसऱ्या दिवशी, हा क्रम आपण स्वतःच लावून घेतला आहे.

तर मग हे जंतू आज नेमके कोणते? पुस्तकाचा कणा ज्या अभ्यासावर उभा आहे तो अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा. जानेवारी २०१० ते जून २०१२ या काळात शिकागोतली तीन आणि नॅशव्हिलमधली दोन रुग्णालयं घेऊन न्यूमोनियाने भरती झालेल्या प्रौढांचा मागोवा घेतला गेला. कंजुषी कुठेच नव्हती. रक्ताचं कल्चर, बेडका, लघवीतली प्रतिजन तपासणी, नाका-घशाच्या बोळ्यावर पीसीआर, आणि काही आठवड्यांनी पुन्हा बोलावून रक्तातली प्रतिद्रव्यं. ज्यांचा एक्स-रे पक्का होता आणि नमुनेही हाती होते असे २२५९ रुग्ण. २०१५ मध्ये निकाल छापून आला. जंतू सापडला ८५३ जणांत, म्हणजे ३८ टक्के. उरलेल्या ६२ टक्क्यांत काहीच नाही.

हा ६२ चा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आलो. एवढी यंत्रं, एवढा पैसा, एवढी शिस्त, आणि दर पाचांतल्या तिघांच्या बाबतीत हात रिकामे. सापडलेल्यांत क्रमही अनपेक्षित होता. विषाणू २३ टक्क्यांत, जिवाणू ११ टक्क्यांत, दोन्ही एकत्र ३ टक्क्यांत, बुरशी किंवा क्षयवर्गीय जंतू १ टक्क्यात. एकेकट्यांची यादी केली तर पहिला ऱ्हायनोव्हायरस, ९ टक्के. होय, सर्दीचा. त्याच्यामागे इन्फ्लुएंझा ६ टक्के, आणि तिसऱ्या जागी न्यूमोकोकस ५ टक्के. प्रतिजैविकांच्या आधी ज्याच्या नावावर न्यूमोनियाचे नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण मांडले जात, तो पाच टक्क्यांवर. वयाचा हिशेबही डोळ्यांत भरतो. दर १०,००० प्रौढांमागे वर्षाला सुमारे २५ जण न्यूमोनियाने भरती झाले, पण ऐंशीच्या पुढच्यांत हाच आकडा १६४. भरती झालेल्यांपैकी दर पाचांतल्या एकाला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

आता याच्या शेजारी एडिंबरचा अभ्यास ठेवा. तिथे ३२३ प्रौढ रुग्णांचा खालच्या श्वासमार्गातला नमुना, बहुतेकांचा बेडका, घेऊन त्याच्यावरच थेट पीसीआर चालवला. २०१६ मध्ये निकाल आला. जंतू ८७ टक्क्यांत! त्याच नमुन्यांचं नेहमीचं कल्चर केलं तर फक्त ३९ टक्क्यांत. वर सर्वांत पुढे हीमोफिलस आणि न्यूमोकोकस, म्हणजे जुनेच ओळखीचे चेहरे. यातल्या बहुतेक रुग्णांना नमुना देण्याआधीच प्रतिजैविक मिळालेलं होतं. जंतू मेले होते, कल्चरला उगवत नव्हते, पण त्यांचा डीएनए बेडक्यात पडून होता.

मग खरं काय? न्यूमोकोकस गेला की लपला? लेखिका इथे घाईने निकाल देत नाही, याबद्दल तिला शाबासकी. शिकागो-नॅशव्हिलमध्ये पीसीआर मुख्यतः नाका-घशाच्या बोळ्यावर होता. विषाणू तिथे सापडणारच. फुप्फुसाच्या तळातला जिवाणू घशात कशाला भेटेल? जिवाणूंसाठी कल्चर, आणि ते चांगल्या बेडक्याचंच. तो तर पुष्कळांना देताच येत नाही. एडिंबरमध्ये बेडका देऊ शकणारेच निवडले गेले, पण तिथे उलटी अडचण. न्यूमोकोकस आणि हीमोफिलस निरोगी माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, घशातही सुखाने राहतात. बेडका वर येताना घशातून येतो. त्यात सापडलेला जंतू आतला गुन्हेगार की जिन्यात भेटलेला शेजारी, हे यंत्र सांगत नाही. अमेरिकी अभ्यासकांनी निरोगी माणसांचेही बोळे घेऊन ताडून पाहिलं. त्यांत विषाणू क्वचितच सापडले, त्यामुळे विषाणूंवरचा आरोप बराच पक्का झाला. तरी ऱ्हायनोव्हायरसबद्दल माझ्या मनातली शंका गेलेली नाही. तो दार उघडून देतो आणि आत दुसराच शिरतो, असं मला वाटतं.

दार उघडून देण्याची सर्वांत भयंकर गोष्ट मुंबईने पाहिली आहे. १९१८ च्या जूनमध्ये फ्लू बंदरातून शहरात शिरला, आणि पावसाळा सरता सरता दुसरी लाट देशभर पसरली. हिंदुस्थानात सव्वा-दीड कोटींच्या घरात माणसं गेल्याचे अंदाज आहेत. त्या साथीत मेलेल्या ५८ अमेरिकी सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले काप नव्वद वर्षांनी, २००८ मध्ये, पुन्हा तपासले गेले. बहुतेकांत विषाणूच्या जखमांवर जिवाणूंचा मळा फुललेला दिसला. फ्लूने जमीन नांगरली आणि न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस यांनी पीक घेतलं. गंमत म्हणजे तेव्हाचे शास्त्रज्ञ फ्लूचं कारण म्हणून फायफरने १८९२ मध्ये वर्णन केलेला जिवाणू शोधत होते. तो काहींत सापडे, काहींत नाही. फ्लूचा खरा विषाणू माणसातून मिळाला १९३३ मध्ये. फायफरच्या जिवाणूला मात्र आजही हीमोफिलस इन्फ्लुएंझी हेच नाव आहे. चुकीच्या आरोपाचा शिक्का सव्वाशे वर्षं कपाळावर घेऊन तो वावरतो आहे, आणि आरोप खोटा असला तरी न्यूमोनिया तो खरोखर करतो.

जो दिसतच नाही असा जंतू कसा शोधावा, याची गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आलो, आणि लेखिकेनेही ती बारकाईने लिहिली आहे. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेचा मेळावा भरला. माणसं घरी परतली आणि न्यूमोनियाने आजारी पडू लागली. हॉटेलशी संबंध आलेले असे २२१ रुग्ण नोंदले गेले, ३४ दगावले. फ्लू नाही, विष नाही, ओळखीचा एकही जंतू नाही. सीडीसीत जोसेफ मॅकडेड यांनी गिनिपिगांच्या उतींच्या काचपट्ट्यांवर मधूनमधून काही दंडुके पाहिले होते, पण बाहेरून पडलेली घाण समजून सोडून दिले होते. नाताळच्या सुटीत एकाने त्यांना या अपयशावरून छेडलं. ते मनाला लागलं. ते परत गेले, त्याच पट्ट्या काढल्या, आणि एका ठिकाणी त्या दंडुक्यांचा झुबका पेशीच्या आत बसलेला दिसला. घाण पेशीच्या आत जाऊन वाढत नाही. जानेवारी १९७७ मध्ये जाहीर झालं, हा नवा जिवाणू. त्याचं नाव लीजनेला पडलं. तो ग्रॅमच्या रंगाला नीट दाद देत नाही, नेहमीच्या अगारवर उगवत नाही. त्याला कोळसा घातलेला काळा अगार लागतो. राहतो मात्र पाण्यात, कूलिंग टॉवरमध्ये, मोठ्या इमारतींच्या नळांत, कोमट पाण्याच्या शॉवरमध्ये. जुनी जपून ठेवलेली रक्तं तपासली तेव्हा कळलं की १९६५ मधली एक न उलगडलेली साथसुद्धा याचीच होती. म्हणजे तो नवा नव्हताच. लघवीची तपासणी आज त्याला पंधरा मिनिटांत पकडते, तीही त्याच्या एकाच मुख्य गटाला.

मायकोप्लाझ्मावर मी थोडक्यात बोलतो, पुस्तकात तो सविस्तर आहे. १९४४ मध्ये मन्रो ईटनने त्याला विषाणू समजून वर्णन केलं, १९६२ मध्ये तो कृत्रिम खाद्यावर वाढवला गेला तेव्हा जिवाणू ठरला. त्याला पेशीभित्तीच नाही, त्यामुळे पेनिसिलिन कुळातलं कुठलंही औषध त्याला लागू पडत नाही. वॉर्डात अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडीला का देतात, याचं अर्धं उत्तर हा आणि उरलेलं लीजनेला. क्लॅमायडियाच्या भावंडांचं प्रकरण मला लांबलेलं वाटलं.

आता आपल्याकडचं. शिकागोचा तक्ता जसाच्या तसा सांगली किंवा चंद्रपूरला चालवता येणार नाही, हे लेखिकेने ठणकावून म्हटलं आहे. पहिलं कारण क्षय. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. त्या अमेरिकी यादीत बुरशी आणि क्षयवर्गीय जंतू मिळून १ टक्का. आपल्याकडे आठ दिवसांच्या तापाने, खोकल्याने भरती झालेल्या 'न्यूमोनिया'तला एखादा नंतर क्षय निघतो, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला ठाऊक आहे. म्हणूनच भारतीय छातीविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१२ मध्ये संयुक्त शिफारशी दिल्या तेव्हा लिव्हॉफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं अंदाजाने सुरू करू नका असं बजावलं. ही औषधं क्षयाच्या जंतूलाही अर्धवट मारतात. रुग्णाला चार दिवस बरं वाटतं, बेडक्यातून जंतू दिसेनासे होतात, निदान महिनाभर मागे पडतं. २०१४ पासून ही औषधं एच-वन परिशिष्टात आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि दिल्याची नोंद ठेवावी. गल्लीतल्या दुकानात काय चालतं ते वाचकांना मी सांगायला नको.

दुसरं कारण माती. १९११ मध्ये रंगूनला आल्फ्रेड व्हिटमोर यांना शवविच्छेदनात एक निराळा जंतू सापडला. त्यांनी आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज त्याला बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआय म्हणतात आणि आजाराला मेलिऑइडोसिस. तो ओल्या मातीत, भातखाचरात राहतो, पावसाळ्यात उसळतो आणि मधुमेह्याला गाठतो. उडुपी-मणिपालकडे त्याच्यावर बरंच काम झालं आहे. जमीन आणि पाऊस राज्याची हद्द बघून थांबत नाहीत, पण आमच्या बाजूला तो सापडत नाही कारण कोणी शोधत नाही.

मी स्वतः शोधला नव्हता. एका रुग्णालयात, ज्याचं नाव इथे नको, जुलै महिन्यात लावणी अर्धवट टाकून आलेला पन्नाशीचा शेतकरी भरती झाला. साखर चारशेच्या आसपास, फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळीसारखी सावली. एक्स-रेवरून क्षयाचे उपचार सुरू झाले. बेडक्यात क्षयाचे जंतू नव्हते. कल्चरवर दुसऱ्या दिवशी पांढुरक्या वसाहती आल्या, मी 'स्युडोमोनास, बहुधा बाहेरून मिसळलेला' असा शेरा मारला आणि प्लेट टाकायला दिली. टेक्निशियन बाईंनी ती टाकली नाही, बाकावर ठेवली. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली. "सर, जरा बघता का? ह्या सुकल्यासारख्या झाल्यात." वसाहती कोरड्या पडून फुलासारख्या चुण्या धरत होत्या. रंगवल्यावर दंडुक्याची दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका, बंद केलेल्या सेफ्टी पिनसारखा. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन, दोन्हीला तो दाद देत नव्हता. मी धावत वॉर्डात गेलो तेव्हा खाट रिकामी होती. आराम पडेना म्हणून घरच्यांनी आदल्या संध्याकाळी त्याला नेलं होतं. पत्ता अर्धाच लिहिलेला होता. या आजाराला आधी सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम आणि नंतर किमान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोल लागतं. चार गोळ्यांनी तो जात नाही. मॅकडेड यांची गोष्ट मी वर्गात इतक्या वेळा सांगितली, आणि माझ्याच बाकावरची प्लेट मला ओळखता आली नाही.

मुलांच्या न्यूमोनियाच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला वाट दाखवली आहे. गडचिरोलीत खेड्यातल्या माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवून बालमृत्यू खाली आणता येतात, हे बंग दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. लसीचंही तसंच. भारतात बाळांना न्यूमोकोकसची लस २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली आणि २०२० च्या अखेरीस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची, दहा प्रकारांविरुद्धची, बाजारात आणली. नातवाला लस दिली की आजोबांना घशाघशातून पोचणारा जंतूही घटतो. अमेरिकेत न्यूमोकोकस खाली येण्यामागे हे एक मोठं कारण मानतात, दुसरं कमी झालेलं धूम्रपान. पण आजोबांचं स्वतःचं काय? प्रौढांचा न्यूमोनिया आपल्याकडे कोणाच्याच खात्यात नाही. २००९ मध्ये एच१एन१ च्या वेळी पुण्यात नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, २०२० मध्ये कोरोनाने सगळ्यांना घशाच्या बोळ्याची सवय लावली. जिल्ह्याजिल्ह्यात पीसीआर यंत्रं आली. साथ ओसरल्यावर त्यातली किती यंत्रं न्यूमोनियाच्या बेडक्यासाठी वापरात आहेत, याची चौकशी वाचकांनी आपापल्या गावी करावी.

पुस्तकाशी माझे दोन मतभेद आहेत, ते नोंदवतो. तीव्रता मोजण्याच्या पाच खुणा, म्हणजे गोंधळलेलं मन, रक्तातला वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, घसरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा अधिक वय, यांना लेखिकेने परिशिष्टात ढकललं आहे. त्या पहिल्या पानावर हव्या होत्या, कारण कोणाला भरती करायचं हे त्यांच्यावरून ठरतं. आणि महागड्या तयार पीसीआर संचांवर तिचा जेवढा जीव आहे तेवढा माझा नाही. ज्या रुग्णालयात बेडक्याची काचपट्टी रंगवायला माणूस नाही तिथे बावीस जंतू एका फटक्यात शोधणारं यंत्र धूळ खाईल. शेवटचं प्रकरण मात्र मला फार आवडलं. त्याचं शीर्षक आहे 'न सापडलेले'. ६२ टक्क्यांना एक पूर्ण प्रकरण देणारं पाठ्यपुस्तक मी मराठीत सोडा, इंग्रजीतही पाहिलेलं नाही.

हे पुस्तक वाचणाऱ्या निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक विनंती आहे. पहिलं इंजेक्शन मुळीच थांबवू नका, पण सुई टोचण्याआधीच्या पाच मिनिटांत रक्ताच्या कल्चरची बाटली आणि बेडक्याची डबी भरून घ्या. आणि तालुका किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कोणी वर्षभराच्या बेडक्यांचा हिशेब वहीत ठेवला असेल, तर त्याची नक्कल प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी वीस पानं राखून ठेवायचं लेखिकेने कबूल केलं आहे.